रविवारचा जोंधळा

आमच्या घरचा आठवडा रविवारी दुपारी सुरू व्हायचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, खांद्यावर जोंधळ्याचं पोतं आणि हातात बाकीच्या जिनसांचं गाठोडं घेऊन बाजारातून यायचे, उंबऱ्याबाहेर वहाणा काढायचे आणि कुणाशी न बोलता सरळ आत जाऊन मडक्यांची उतरंड उतरवायचे. सगळ्यांत खालचं, पोटाला रुंद असलेलं मडकं जोंधळ्याचं. त्यात धान्य ओततानाचा आवाज, आधी खापरावर पडणारी कोरडी तडतड आणि मग धान्यावर धान्य पडतानाची मऊ सळसळ, ऐकायला आम्ही भावंडं दाराशी उभी राहायचो. तो ऐकला की आमची पुढच्या शनिवारपर्यंतची काळजी मिटायची. आव्वाची, म्हणजे माझ्या आईची, मात्र तिथूनच सुरू व्हायची.

अण्णा गुळाच्या पेठेत एका अडत्याकडं तोलार होते. गुऱ्हाळांवरून गाड्या भरून गुळाचे रवे, म्हणजे मोठाल्या ढेपा, यायच्या, त्या काट्यावर चढवायच्या, वजन बोलायचं आणि ते ऐकून शेतकऱ्यानं आणि व्यापाऱ्यानं दोघांनी मान हलवायची, एवढं त्यांचं काम. पण त्या कामाची ऐट मोठी होती. तोलार काट्यापाशी बसे, हमाल वाकून ओझी वाहत. अण्णा पांढरं धोतर नेसून जात आणि संध्याकाळी पांढऱ्या धोतरानंच परत येत. त्यांनी बोललेलं वजन पेठेत कुणी पुन्हा करून बघत नसे, आणि घरातही तोच कायदा होता. लग्नाच्या पहिल्याच वर्षी आव्वानं त्यांनी आणलेला जोंधळा सहज म्हणून आपल्या मापानं मोजला होता. त्यावरून पुढं कितीतरी दिवस अण्णा तिच्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून ते आणतील ते माप आणि ते सांगतील तो शब्द.

शनिवारी मजुरी, रविवारी बाजार, आणि मधल्या सगळ्या दिवसांत आव्वाची कसरत. रविवारी तुरीची आमटी घट्ट असे आणि तिच्यावर तुपाचा थेंब दिसे. सोमवारी त्याच आमटीत अंबाड्याचा पाला पडे. मग हुलग्याचं पातळ माडगं येई, मग ताकातल्या कण्या, आणि शुक्रवारपासून आव्वा कारळ्याची चटणी बोटानं मोजून वाढू लागे. आम्ही जैन, त्यामुळं कांदा, लसूण, बटाटा, रताळं यांतलं काही घरात येत नसे, म्हणजे गरिबाला स्वस्तात पोट भरायच्या ज्या वाटा असतात त्यातल्या निम्म्या आम्हाला बंद. एक फायदा होता. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, म्हणून दिव्याचं तेल वाचायचं. माझी नातसून आज फळीवरचे डबे उघडून बघते आणि अमुक संपलं, तमुक संपलं म्हणते, तेव्हा मला गंमत वाटते. संपलं हा शब्द आव्वाच्या तोंडून मी क्वचितच ऐकला. ती म्हणायची, “आज बेतानं.”

घरात आम्ही चार भावंडं, मी दुसरी, माझ्याहून थोरला भूपाल. आणि शिवाय चंपाआत्ती. ती अण्णांची धाकटी बहीण. शिरोळकडं दिली होती. नवरा गेल्यावर दिरांनी तिला एक पावसाळा ठेवून घेतलं आणि पुढच्या पावसाळ्याच्या आत एका पत्र्याच्या पेटीसकट आमच्या दाराशी आणून सोडलं. ती आली तेव्हा आव्वानं कपाळाला आठी घातली नाही, हे मला नीट आठवतं. घरात आणखी एक तोंड आलं हे खरं, पण दोन हातही आले होते, आणि ते हात हुशार होते. भिजवलेल्या कण्या पुन्हा वाटून त्यांची धिरडी करायची ती, ताकाच्या निवळीत बेसन लावून कढी करायची ती. पहाटे दोघी जात्याला समोरासमोर बसत, एकीचा हात थकला की दुसरीचा जोर लागे, आणि जात्याच्या घरघरीत दोघींचं हळू आवाजातलं बोलणं मिसळून जाई. त्या बोलण्यावर मला पुन्हा झोप लागायची.

मग एका दिवाळीनंतर जोंधळा पुरेनासा झाला. आधी शनिवारी मडक्याचा तळ दिसू लागला, मग शुक्रवारी. आव्वानं पहिल्यांदा उंदरांवर आळ घेतला आणि मडक्याच्या तोंडावर पाटा आणून ठेवला. मग तिचं लक्ष भूपालकडं गेलं. पोरं मूठभर जोंधळा देऊन भडभुंज्याकडून लाह्या घेतात, असं तिनं कुठंतरी ऐकलं होतं. तिनं त्याच्या सदऱ्याचे खिसे उलटे करून पाहिले. मला तोंड उघडायला लावून दातात काही अडकलंय का तेही पाहिलं. काही निघालं नाही. मग तिनं एक युक्ती केली. मडक्यातला जोंधळा वरून सपाट करून त्यावर बोटानं स्वस्तिक काढून ठेवायचं. कुणी हात घातला तर ते मोडणार. रोज पहाटे ती आधी चिमणी धरून स्वस्तिक बघे आणि मगच दळणाचं काढून नवं स्वस्तिक रेखाटी. आठवडाभर ते जसंच्या तसं होतं, तरी शुक्रवारी जोंधळा संपला.

इथं आव्वानं जो विचार केला तो चुकीचा होता असं मला आजही म्हणवत नाही. तिच्याकडं जे होतं त्यावरून दुसरं काही निघतच नव्हतं. रविवारी अण्णा मडकं भरून परत बाहेर जात. लगोलग आव्वा आणि मी धुणं घेऊन नदीवर जात असू, धाकटी दोघं आमच्याबरोबर, भूपाल खेळायला. परत आल्यावर आव्वा स्वस्तिक काढी. म्हणजे जे काही कमी होत होतं ते अण्णांनी ओतल्यानंतर आणि आव्वानं बोट फिरवण्याच्या आधी होत होतं. आणि तेवढ्या वेळात घरी एकटी चंपाआत्ती असे. आव्वानं अण्णांना एकदा विचारलं, बाजारात माप नेहमीचंच घेता न्हवं. अण्णांनी तिच्याकडं न बघता सांगितलं, नेहमीचंच.

एकदा संशय आला की बाकीचं सगळं आपोआप त्यात बसायला लागतं. आत्ती आधी अष्टमी-चतुर्दशीला तेवढी उपास करायची. आता तिचे उपास वाढले होते. आज हे व्रत, उद्या ते व्रत, एकवेळच जेवते, भाकरी नको, नुसतं ताक पुरे. पूर्वी आव्वाला याचं कौतुक वाटलं असतं. आता ती ताटावरून आत्तीच्या मनगटाकडं बघायची आणि मला हळूच म्हणायची, एवढे उपास करून माणूस उभं कसं राहतं. आत्ती रोज दुपारी बस्तीत, म्हणजे आमच्या जिनमंदिरात जायची. पूर्वी लवकर परतायची, आता तिला वेळ लागायचा. जाताना तिच्या पदराला गाठ मारलेली असायची. देवापुढं वाहायला चिमूटभर तांदूळ नेते, असं ती म्हणायची. पहाटे जात्यावरचं बोलणं बंद झालं. घरघर तेवढी राहिली. शेजारच्या अमीनाबी, त्यांचा नवरा भांड्यांना कल्हई लावायचा, त्या भिंतीला भिंत लागून राहत. त्यांनी आव्वाला विचारलंसुद्धा, आजकाल तुमच्यात कुणी बोलत कसं नाही म्हणून.

एका दुपारी आव्वानं मला बाजूला घेतलं आणि आत्तीच्या मागं जाऊन ती कुठं जाते ते बघून यायला सांगितलं. मी गेले. आत्ती बस्तीच्या बोळाशी वळली नाही, सरळ पुढं चालत राहिली. उन्हात तिची पांढरी साडी लांबूनही दिसत होती. गुळाची पेठ जवळ आली तसा तो गोड, धुरकट वास यायला लागला, गाड्यांची गर्दी लागली. एका सोडलेल्या गाडीच्या आडोशाला आत्ती उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिनं पुढं ओढला आणि बराच वेळ ती तशीच उभी होती. मला आत्तीवर नजर ठेवायला सांगितलं होतं, म्हणून मी आत्तीकडंच बघत होते. ती कुणाकडं बघतेय हे बघायचं मला सुचलं नाही. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि ती मागं फिरली, तशी मी आडव्या बोळानं पळत घरी आले आणि आव्वाला सांगितलं, आत्ती बस्तीत गेली नाही, पेठेत गेली. थोड्या वेळानं आत्ती आली. तिच्या पदराची गाठ सुटलेली होती. येताना ती बस्तीत जाऊन आली होती, पण ते मी पाहिलं नव्हतं आणि आव्वा विचारणार नव्हती. आव्वाला जे हवं होतं ते मिळालं होतं. पेठेत धान्य विकत घेणारे काय कमी होते.

त्याच शनिवारी उन्हं कलताना आम्ही जेवायला बसलो होतो. पीठ पुरलं नव्हतं. अण्णांच्या आणि भूपालच्या ताटात भाकरी होती, आम्हा लहानांना चतकोर चतकोर. आत्ती म्हणाली, मला नको, माझा उपास आहे. आव्वाच्या हातात पळी होती. ती तिनं आमटीच्या भांड्यात सोडून दिली आणि उभी राहिली.

“कसला उपास गं चंपक्का? पोट बाहेर भरून येतीस आणि इथं उपास सांगतीस?”

आव्वाचा आवाज मुळात मोठा, त्यात इतक्या दिवसांचं साठलेलं. रविवारी मडकं भरल्यावर घरी कोण असतं, दुपारी पेठेत कोण जातं, पदरात काय असतं, सगळं ती एकापाठोपाठ बोलत गेली. समोरच्या सुताराचा रंधा चालू होता तो थांबला. अमीनाबी आमच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या आणि आत यावं की न यावं हे न कळून तिथंच राहिल्या. मग आव्वानं कोपऱ्यातली पत्र्याची पेटी ओढून मधे घेतली आणि उघडली. आत दोन पांढऱ्या साड्या, आत्तीच्या नवऱ्याचा जुना फेटा, जपमाळ, कडुलिंबाचा वाळलेला पाला. आव्वानं एकेक वस्तू उचलून झाडली. फेट्याची घडी सोडून बघितली. जमिनीवर पाल्याचा चुरा तेवढा पडला. जोंधळ्याचा एक दाणा निघाला नाही.

अण्णा पाटावर बसून होते. भाकरीचा तुकडा त्यांनी मोडला होता, तो त्यांच्या बोटांत होता. त्यांनी तो तोंडात घातला नाही आणि ताटात परतही ठेवला नाही. आत्तीनं एकदाच, अगदी एकदाच त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही. आव्वानं ती नजर पाहिली आणि तिला वाटलं की बहीण भावाकडं आधार मागतेय, आणि भाऊ देत नाही म्हणजे त्यालाही पटलेलं आहे. आत्तीनं साड्यांच्या घड्या पुन्हा घातल्या. फेटा तिला नीट गुंडाळता येईना, तो तसाच कोंबला. पेटी बंद करून ती म्हणाली, उद्या मी शिरोळला जाते. दाराशी जमलेली माणसं हळूहळू पांगली. आव्वा चुलीपाशी बसली आणि स्वतःशीच म्हणाली, “पेटीत ठेवाय ती काय येडी न्हाय.”

गूळ उतरवून मोकळ्या परतणाऱ्या गाड्या शिरोळकडं जात, त्यातल्या एकीत अण्णांनी दुसऱ्या दिवशी पहाटे तिला बसवून दिलं. पेटी त्यांनीच खांद्यावरून नेली. आत्तीनं जाताना आमच्या सगळ्यांच्या तोंडावरून हात फिरवला. आव्वा बाहेर आली नाही.

त्या रविवारी आव्वा नदीवर गेली नाही. धुण्याचं बोचकं तिनं तसंच ठेवलं आणि चुलीपाशी डाळ निवडत बसली. अण्णा आले. तिला आत बघून ते जरासे थबकले. मग त्यांनी नेहमीसारखी उतरंड उतरवली, पोतं मोकळं केलं, फटका मारून झाडलं आणि बाहेर गेले. आव्वा उठली, मडक्यात तिनं हात घातला. जोंधळा तिच्या कोपरापर्यंतही आला नाही. पूर्वी तो मडक्याच्या गळ्याला लागायचा. ओतणं आणि बघणं यांच्यामधे आता कुणीच आलं नव्हतं. आव्वा बराच वेळ मडक्यात हात तसाच ठेवून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. जत्रेत लहान मुलाचं बोट सुटलं की बाईचा चेहरा होतो तसा तो झाला होता. तरीसुद्धा, एवढं कळूनही, तिचं मन अण्णांवर गेलं नाही. ते वाण्यावर गेलं.

सोमवारी अण्णा कामावर गेल्यावर ती मला घेऊन बाजारातल्या वाण्याकडं गेली. एरवी ती दुकानाची पायरी कधी चढत नसे. मलाप्पा म्हणून लिंगायत वाणी होता, दांडगा, तोंडानं फटकळ. आव्वानं पदर पुढं ओढून घेतला आणि त्याला स्पष्ट विचारलं की आमचं माप कापतोस काय. मलाप्पाला आधी राग आला. मग त्यानं आव्वाकडं नीट बघितलं, आणि त्याचा आवाज बदलला.

“बाई, माप मी कापलं न्हाय. तुमच्या मालकांनीच कमी केलंय, दिवाळीपासनं. काट्यावर न्हाईत आता ते, हमाली करत्यात. तुम्हास्नी ठावं न्हाय व्हय?”

आव्वा दुकानातून उतरली. मला वाटलं आता घरी, पण ती पेठेच्या वाटेला लागली, इतक्या भराभर की मला पळावं लागलं. आत्ती उभी राहिली होती त्याच बाजूला आम्ही गाड्यांच्या आडून उभ्या राहिलो. अडतीच्या दारात काट्यापाशी कुणी दुसराच माणूस बसला होता. अण्णा गाडीपाशी होते. डोक्याला फडकं, सदऱ्यावरून पाठीवर गोणपाट, आणि त्यावर गुळाचा रवा. ते वाकून चालत होते. तेवढ्यात पेठेत गडबड उडाली. आमच्या संस्थानच्या महाराजांची ती उंच, धडधडत येणारी घोड्यांची गाडी, तिला सगळं गाव खडखडा म्हणे, रस्त्यानं येत होती. माणसं बाजूला झाली, जो तो वाकून मुजरा करू लागला. अण्णांना हात वर नेता येईना. पाठीवर ओझं घेऊन ते भिंतीला लागून नुसते उभे राहिले, आधीच वाकलेले. गाडी गेली. आव्वानं माझा हात धरला आणि आम्ही घरी आलो. घरी येऊन तिनं खुंटीवरचा अण्णांचा धुतलेला सदरा खाली घेतला आणि खांद्याच्या जागी बोट फिरवलं. तिथं गुळाचा पिवळट डाग होता. ते कामावरून येताना नदीवर अंग धुऊन, धोतर बदलून येत असणार, हे तिला तेव्हा कळलं.

संध्याकाळी उन्हं असतानाच तिनं ताट वाढलं, आम्हा मुलांना ओसरीवर बसवलं आणि दार उघडंच ठेवलं. तिनं आवाज चढवला नाही. वाण्याकडं गेले होते, पेठेत गेले होते, एवढंच सांगितलं. अण्णांनी ताट जरा बाजूला सारलं. मग त्यांनी सांगितलं. दसऱ्यानंतर अडत्याच्या वखारीतला गूळ कमी भरला. रवे कुठं गेले ते कळेना. काट्यावर कोण, तर हे. कुणी चोर म्हटलं नाही, कुणी काही शाबीत केलं नाही. दुसऱ्या दिवशी काट्यावर दुसरा माणूस बसवला आणि यांना सांगितलं, काम पाहिजे असेल तर ओझी वाहा. दुसऱ्या कुठल्या अडतीवर त्यांना काटा मिळणार नव्हता. पेठेत बातमी फिरायला कितीसा वेळ लागतो.

“घरात सांगायचं हुतंसा,” आव्वा म्हणाली.

“सांगितलं असतं तर तू इचारलं असतंस.”

“काय?”

“गूळ खाल्लासा काय म्हणून.”

खोटं बोलणं आव्वाला जमत नसे. “व्हय,” ती म्हणाली, “इचारलं असतं.” आणि मग, इतकं सगळं झाल्यावरही, तिनं विचारलंच. “खाल्लासा?”

“न्हाय.”

एवढंच. मी ओसरीवरून ऐकत होते. आज मी त्या वेळच्या आव्वापेक्षा कितीतरी म्हातारी आहे, आणि तरी मला सांगता येत नाही की तिनं त्या ‘न्हाय’वर पूर्ण विश्वास ठेवला की नाही. वखारीतला गूळ कुणी नेला हे कधीच कळलं नाही. पण तिनं पुढं जे विचारलं त्याचं उत्तर ऐकून ती भिंतीला टेकून बसली, हे मी पाहिलं. तिनं विचारलं, चंपक्काला ठावं हुतं? अण्णा म्हणाले, एका रविवारी तिनं खांद्यावरचं पोतं उतरून घेतलं तेव्हाच तिला वजनाचा अंदाज आला. मग एके दिवशी ती पेठेत आली. तिनं मला ओझ्याखाली बघितलं, ते सांगत होते, मी तिला बघितलं. कोण काय बोललं न्हाय. त्याच्यानंतर तिनं भाकरी सोडली.

दोन दिवसांनी आव्वा मला बरोबर घेऊन मोकळ्या गाडीनं शिरोळला गेली. दिवसभराचा प्रवास, दोन्ही बाजूंना ऊस, काही उभा, काही तोडलेला. आत्ती एका लांबच्या दिराच्या अंगणात मिरच्या वाळत घालत होती. आम्हाला बघून तिनं आधी मला पाणी दिलं. आव्वानं तिच्या पायाला हात लावला. वयानं लहान असलेल्या नणंदेच्या पायाला कुणी हात लावत नाही. आत्तीनं तिचे हात धरून वर उचलले. आव्वा म्हणाली, चल घरी, माझं चुकलं.

“तुझं काय चुकलं न्हाय वैनी,” आत्ती म्हणाली. “संशय यावा असंच सगळं हुतं. तुझ्या जागी मी असते तर मला बी आला असता. पर दादा ताटावर बसून हुता. माझ्या नवऱ्याचा फेटा तू झाडलास, तवा बी तो बसून हुता.”

ती रडत नव्हती. मिरच्यांवरून हात फिरवत ती सरळ सांगत होती. दादानं आपणहून सांगावं म्हणून मी वाट बघत होते, म्हणाली. मी सांगितलं असतं तर त्याची लाज मी काढली असं झालं असतं. आता मी येईन, पण तो न्यायला येईल तेव्हा. आणि माझी पेटी ज्यांनी उघडलेली बघितली त्यांना तो सांगेल तेव्हा. आव्वानं पुष्कळ विनवलं. आत्ती हलली नाही. आम्ही परत आलो तेव्हा आव्वानं तिचा निरोप अण्णांना शब्दाला शब्द सांगितला.

अण्णांनी किती दिवस घेतले ते मला आठवत नाही. पुष्कळ घेतले. रोज ते कामावर जात, आता धोतर न बदलता, गुळाच्या डागांसकट घरी येत. आव्वा दर रविवारी जोंधळा मोजून घेई आणि तेवढ्यातच आठवडा बसवी. पातळ कण्या, अंबाडा, ताक. आठवडा पुरू लागला. जेवढं आहे तेवढं माहीत असलं की ते पुरवता येतं. पण घरात सुख नव्हतं. गल्लीत अजून सगळे आत्तीलाच चोर समजत होते, आणि कुणी तिचं नाव काढलं की अण्णा उठून जात. शेवटी एका पहाटे ते कुणाला न सांगता गाडीत बसून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आमच्या गल्लीत शिरली. आत्ती मागं बसली होती, पेटी मांडीवर. गाडी दाराशी थांबली तरी ती उतरली नाही. अण्णा उतरले. समोर सुतार काम करत होता, अमीनाबी भांडी घासत होत्या, आणखी दोन-चार बायका पाण्यावरून येत होत्या. अण्णा रस्त्याच्या मधे उभे राहिले. आयुष्यभर काट्यावर मोठ्यानं वजनं बोललेला तो माणूस, पण आवाज पहिल्यांदा फुटेचना. घसा खाकरून त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

“माझ्या भैनीनं काय चोरलं न्हाय. जोंधळा मीच कमी आणत हुतो. मला काट्यावरनं काढलंय. हमाली करतोय मी.”

पाणी घेऊन चाललेल्या बायका घागरीसकट उभ्या राहिल्या. मग सुतारानं रंधा खाली ठेवला आणि जे सगळ्यांच्या मनात आलं होतं ते विचारून टाकलं, “काट्यावरनं काढलं म्हंजे? वजनात काय केलंसा काय?”

“न्हाय,” अण्णा म्हणाले. “पर तसं म्हणत्यात.”

सुतार त्यांच्याकडं बघत राहिला. अमीनाबींनी मान खाली घातली. त्या दिवसापासून गल्लीतली काही माणसं अण्णांशी बोलताना जरा अंतर ठेवू लागली, ती शेवटपर्यंत. हे होणार हे अण्णांना माहीत होतं, आणि म्हणूनच ते इतके दिवस गप्प होते. पण त्या क्षणी, सुतार अजून काहीतरी विचारायच्या बेतात असताना, गाडीतून आत्ती बोलली. ती मोठ्यानं बोलली, अगदी आव्वासारखी.

“माझा भाऊ न्हाय म्हणतोय न्हवं? मग न्हाय. जावा आपापल्या कामाला.”

आणि ती गाडीतून उतरली. पेटी घ्यायला अण्णांनी हात पुढं केला, पण तिनं दिली नाही, स्वतःच काखेत मारली. दारात आव्वा उभी होती. ती बाजूला झाली आणि आत्ती आत गेली.